मागच्याची पात

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज गजेंद्र दुकानावर आला. आता हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे, पण माझ्या पाट्या रंगवायच्या दुकानात पाय ठेवला की तो दहावी 'ब'चा गज्याच. शाळेला पन्नास वर्षं होतात. मे महिन्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे आणि ऑफिसबाहेरचा गुणवंत फलक नवा करायचा आहे.

"फ्लेक्स केला तं एका दिवसात होते बे शाल्या," म्हणाला. "चिखलीहून छापून आनतो."

"मग आन. मले काऊन विचारतं?"

"चिडू नको नं. विचारून राह्यलो फक्त."

चहा झाल्यावर त्याला शाळेत नेऊन फलकासमोर उभं केलं. १९९६ पासूनची अक्षरं माझी आहेत. दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर येतं, तरी एकाही नावाची वेलांटी उडालेली नाही. त्याआधीची शेगावकडच्या एका म्हाताऱ्या पेंटरने लिहिलेली. १९८८ च्या ओळीत गजेंद्र आहे, ७४.१४ टक्के. मी कुठेच नाही. त्या साली मी गणितात नापास झालो होतो आणि निकालानंतर त्या पेंटरच्या मागे उभा राहून 'श' कसा वळवायचा ते बघून घेतलं. त्याने शिकवलं नाही, मी घेतलं. पुढे इंग्रजी पाट्या लिहिता लिहिता इंग्रजी आली, आणि ज्या गणिताने मला पाडलं ते बारावीपर्यंतचं गणित एकट्याने पुस्तकांवरून केलं. मोठेपणा म्हणून नाही, नोंद म्हणून लिहितो.

गजेंद्रने विचारलं, "टक्के पूर्णांकात लिहिले तं चालतीन का? जागा वाचते."

नाही म्हणून सांगितलं. ७४.१४ म्हणजे ७४.१४. काम घेतलं.

संध्याकाळी सुचिताचा पुण्याहून फोन. माझी एकुलती एक, बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागला. सगळी मिळून सरासरी ७.९२.

"म्हंजे टक्के किती?"

"टक्के नसतात बाबा. ग्रेड असते. दहापैकी."

"बरं, मार्क किती?"

तिने सांगितले ते लिहून घेतले. मार्केटिंगमध्ये ७८, ग्रेड बी प्लस. फायनान्समध्ये ७१, ग्रेड ए. मी दोनदा विचारलं. ७८ ला खालची अन् ७१ ला वरची? पिठाच्या गिरणीवर असा काटा असता तर लोकांनी गिरणीवाल्याला काट्यावर बसवून तोललं असतं.

२ फेब्रुवारी

सुचिताने आज सगळं नीट समजावलं. तिच्या कॉलेजात किती मार्क मिळाले यावर ग्रेड ठरत नाही, वर्गात कितवा नंबर आला यावर ठरते. साठ जणांत वरच्या सहांना दहा पॉइंट, त्याखालच्या बारांना नऊ, त्याखालच्यांना आठ, असं उतरत जातं. वर्ग हुशार असेल तर ७८ सुद्धा मधेच अडकतात.

"म्हंजे शेजारच्यानं चांगलं लिहिलं तं तुही ग्रेड उतरते?"

"हाव. तसंच."

"मग पेपर तुहा तपासते की शेजारच्याचा?"

हसली. तिला हसू कसं येतं कोण जाणे. एमबीएच्या प्रवेश परीक्षेत तिला उत्तम आले आहेत, एका फार मोठ्या संस्थेने मुलाखतीला बोलावलं आहे. असल्या जागी दहावी, बारावी, पदवी, सगळ्याचे गुण पाहतात.

संजीवनी, म्हणजे आमची मंडळी, पोळ्या करता करता म्हणाली, "दहावीत भूगोलाचा पेपर कोरोनानं रद्द झाला, तवा सरासरीनं मार्क देल्ले होते. तवा नाही बोलले तुमी."

तेव्हा सरासरी आपल्या बाजूची होती. पण ही वेगळी गोष्ट आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

फलक उतरवून दुकानात आणला. सागवानी आहे, चौघांनी उचलावा लागला. पॉलिश पेपर मारायला घेतला. प्रत्येक नाव घासण्याआधी ट्रेसिंगवर उतरवतो आहे, म्हाताऱ्याची अक्षरं म्हाताऱ्यासारखीच आली पाहिजेत.

घासताना नजर खालच्या ओळींवर जाते अन् थांबायला होतं. २००६ च्या पुढची निम्मी नावं याच दुकानात बसलेली आहेत. तेव्हा संध्याकाळी रंगाचे डबे बाजूला सारून दहावीची पोरं बसवायचो. फी नव्हती. पत्र्याच्या जुन्या पाट्यांच्या मागच्या बाजूला खडूने गणितं लिहायची. टर्पेंटाइनचा वास, बाहेर एसटी लागल्याचा आवाज, अन् आत दहा-बारा डोकी वाकलेली. सुचिता तेव्हा इतकी लहान होती की डब्यावर डबा ठेवून त्यावर बसायची.

नियम एकच होता. ज्याचं गणित आधी सुटलं त्याने घरी जायचं नाही, ज्याचं अडलं त्याच्याजवळ जाऊन बसायचं. सगळ्यांचं सुटलं की सगळ्यांनी उठायचं. पोरं कुरकुरायची, हुशार होती ती तर फारच.

नियम माझा नाही, माझ्या मायचा. गोजरबाई निंदणाला जायची. बायका ओळीने बसत, एकेकीला निंदायला पिकाची एकेक पात, म्हणजे ओळ. मायचा हात पाण्यासारखा चाले, सगळ्यांच्या आधी ती बांधाला लागायची. पण बांधावर बसायची नाही. उलटी फिरून मागे राहिलेलीची पात समोरून धरायची. दोघी मधे कुठेतरी भेटायच्या, हसायच्या, मग सगळ्या मिळून बांधावर. मुकादम म्हणायचा, "गोजरे, तुले काही दुप्पट मजुरी नाही भेटनार." माय म्हणायची, "बांधावर एकटीनं बसून काय तोंड पाह्यू तुमचं?"

आज घासून झालं फक्त १९८४ पर्यंत.

९ मार्च

आज डोक्यात एक गोष्ट आली ती लिहिली पाहिजे.

सुचिता फोनवर सहज बोलून गेली की यंदा त्यांच्या वर्गाची सरासरी खूप वर गेली, म्हणून ग्रेड अवघड झाली. मी विचारलं, एकाएकी वर कशी गेली? तर म्हणाली, "आमी बसतो नं बाबा हॉस्टेलच्या खोलीत. सात-आठ जनी. कोनाले काही अडलं तं मी सांगते."

"कवापासून?"

"दुसऱ्या वर्षापासून."

फोन ठेवल्यावर कागद घेतला. ती शिकवते, सात-आठ जणी वर सरकतात, वर्ग वर सरकतो, अन् हिची ग्रेड खाली येते. पोरगी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायाखालची फळी कापते आहे. त्यात एक महामाया आहे बीबी गावची, तिची खोलीसोबतीण. मराठी माध्यमातून गेलेली, दोन विषय राहिले होते तिचे. आता तीही सुचिताच्या बरोबरीला येते आहे म्हणे.

लगेच परत फोन लावला. स्पष्ट सांगितलं: शेवटचं सेमिस्टर आहे, परीक्षा होईपर्यंत शिकवणं बंद. परीक्षेनंतर काय समाजसेवा करायची ती कर.

मग म्हणाली, "बरं बाबा."

संजीवनी कणकेचे हात घेऊन दारात उभी राहून ऐकत होती.

"तुमीच देल्ली नं तिले ते सवय."

"ते बोर्डाचे मार्क होते. तिथं कोनाचं कोनावर काही नव्हतं. इथं हिसाब उलटा आहे."

"हिसाब उलटा आसन," म्हणाली. "पोरगी कशी उलटी होईन?"

बायकांशी गणितावर बोलू नये.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली. गाठी मी स्वतः बांधली, बाजारची गाठ सुटते.

दुपारी अचानक कौशल्याबाई आल्या, महामायाची आई. बीबीच्या बाजारात भाजीचं दुकान लावतात, इकडे नात्यात काही काम होतं. मेथीच्या चार जुड्या आणि कोवळ्या गवारीची पिशवी घेऊन आल्या. मी पहिल्यांदाच भेटलो. बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"दादा, तुमची पोरगी नाही, माय आहे माय. आमची महामाया म्हनते, सुचिता आधी मराठीतून सांगते, मग तेच इंग्लिशमधून सांगते, मग म्हनते, आता तू मले सांग. रोज सांजीले बसते म्हनते तिच्यापाशी."

"बसत होती," मी म्हणालो. "आता परीक्षा जवळ आली."

"हाव, जवळ आली म्हनूनच तं बसते," कौशल्याबाई म्हणाल्या.

त्यांना सगळं ठाऊक नसावं. पोरी घरी सगळं सांगत नाहीत. संजीवनीने त्यांना पुरणपोळी वाढली आणि दोघी आतल्या खोलीत बराच वेळ हसत होत्या.

संध्याकाळी सुचिताला शुभेच्छांचा फोन केला. मागे फार गलका होता. कोणीतरी ओरडलं, "सुचिता, ते परत एकदा सांग नं!" मी विचारलं, काय गडबड? म्हणाली, मेसमध्ये सण आहे.

१३ एप्रिल, रविवार

निवड झाली. निवड झाली.

ज्या संस्थेत आपल्या तालुक्यातलं कोणी गेल्याचं मी ऐकलं नाही, त्या संस्थेत माझी सुचिता. पत्र मोबाइलवर आलं, मी ते गजेंद्रच्या ऑफिसात छापून आणलं. गजेंद्रने मला मिठी मारली, शर्टाला रंग लागला तरी. "काय बे, रंगाऱ्याची पोट्टी!" म्हणाला. त्याचं कौतुक असंच असतं.

पत्रात एक अट आहे. पदवीची अंतिम सरासरी ८.०० किंवा त्याहून जास्त हवी. पाच सेमिस्टर मिळून ७.९२ आहेत. हिशोब केला: शेवटच्या सेमिस्टरला बरोबर ८.४ पाहिजेत. पाच विषय आहेत, पाचांचे मिळून ४२ पॉइंट. ४१ झाले तर गेलं.

४२ अवघड नाही. मी सांगितलं ते तिने ऐकलं आहे, म्हणून मन शांत आहे.

२५ एप्रिल

काल पुण्याला जाऊन आलो. सुचिताला सांगितलं की कुरडया, पापड अन् तिखट द्यायला येतो. खरं म्हणजे मला तिच्या मॅडमना भेटायचं होतं. अर्पिता मॅडम, संख्याशास्त्र शिकवतात, ग्रेडचं कामही त्यांच्याकडे आहे. वय सुचितापेक्षा फार नसावं.

मी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, "मॅडम, तुरीच्या पोत्याचं वजन शेजारच्या पोत्यावरून ठरत नाही. मग पोरांचं काऊन ठरतं?"

त्या रागावल्या नाहीत. पाणी दिलं. म्हणाल्या, "काका, काटा नेहमी बरोबर असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण पेपर म्हणजे काटाच नाही ना. दुसऱ्या सेमिस्टरला आमच्या एका सरांनी इतका अवघड पेपर काढला की सगळ्यात जास्त मार्क होते चौपन्न. सुचिताला एकावन्न होते. टक्क्यांनी मोजलं असतं तर ती जेमतेम पास. या पद्धतीमुळे तिला नऊ पॉइंट मिळाले."

हे सुचिताने मला सांगितलं नव्हतं. बहुधा सांगितलं असेल, मी लक्ष दिलं नसेल. मॅडमचं म्हणणं मला पूर्ण पटलं नाही, पण एक बाजू होती हे मान्य करतो.

मग त्या म्हणाल्या, "आणि तिचा संध्याकाळचा वर्ग परीक्षेपर्यंत सुरू राहू दे हं. माझ्या विषयात गेल्या वर्षीपेक्षा अकरा मार्कांनी सरासरी वर आहे. मी दोनदा बोलावून विचारलं तिला, तुझ्या स्वतःच्या ग्रेडवर काय परिणाम होतो कळतंय ना? म्हणाली, कळतंय."

मी खुर्चीवरून उठलो तेव्हा पिशवी तिथेच राहिली. शिपाई मागून घेऊन आला.

हॉस्टेलच्या गेटसमोर टपरीवर सुचिता भेटली. बारीक झाली आहे.

"मले 'बरं बाबा' म्हनली होती तू."

तिला लगेच कळलं. कप खाली ठेवला. "खोटं बोलली बाबा. वाईट वाटलं मले."

"वाईट वाटून काय कराचं? बंद काऊन नाही केलं?"

"केलं होतं. चार दिवस दार लावून बसली. मले अभ्यासच नाही झाला." टपरीवाल्याकडे बघत बोलत होती, माझ्याकडे नाही. "मले दुसऱ्याले सांगितल्याबिगर समजतच नाही बाबा. पुस्तक वाचते, वाटते समजलं. महामायाले सांगाले बसते तवा कळते कुठं अडलं. तुमी तसंच करून ठेवलं मले. आता मी कुठं बदलवू?"

"बेचाळीस पायजे आहेत सुचिता."

"माहीत आहे. मी बी केला हिसाब."

मी चहाचे पैसे दिले आणि सहाच्या गाडीने निघालो. गेटपाशी ती हात करत होती. मी केला नाही.

४ मे, रविवार

सुचिताशी बोललो नाही. फोन येतो तो संजीवनी घेते आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलते.

फलकावर २०२० पर्यंत आलो. या ओळीसाठी मी नवा ब्रश काढला. सुचिता शालिग्राम..., ९५.६०. तिच्याच वर्षी दुकानात बसणारे आणखी चार जण ऐंशीच्या वर होते. त्यातला गोपाल आज मेहकरला बँकेत आहे. त्याला दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते कळायचं नाही. सुचिताने त्याला टिकल्यांनी शिकवलं होतं. आईच्या टिकल्यांचं अख्खं पाकीट पत्र्यावर चिकटवलं होतं, संजीवनीने दोघांना रागावलं होतं. तो पत्रा दुकानाच्या माळ्यावर अजून असेल.

गोपाल तेव्हा मागे राहिला असता तर फलकावर सुचिताच्या नावाला काय फरक पडला असता? काही नाही. हेच मी म्हणतो आहे. तेव्हाचं गणित सोपं होतं.

किती छान दिवस होते पण.

११ मे, रविवार

आज संध्याकाळी संजीवनीने फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

"बाबा, ठेवू नका. कामाचं आहे." सुचिता. "परवा स्टॅटिस्टिक्स आहे. महामायाच्या डोक्यात तो वक्र बसून नाही राह्यला. मी चार तऱ्हेनं सांगितलं. तुमी लहानपनी मले काहीतरी खळ्यातलं सांगितलं होतं. मले आठवून नाही राह्यलं नीट."

मला आठवत होतं.

संख्याशास्त्र. पाचातला एक विषय. परवा पेपर. त्या पोरीला जे समजेल ते पेपरात उतरेल, आणि पेपरात उतरेल ते कुणाच्या तरी वर जाऊन बसेल.

"बाबा?"

"स्पीकर लाव," मी म्हणालो.

तिकडे खुसपूस झाली. पाच-सहा पोरी असाव्यात. कोणीतरी म्हणालं, "नमस्कार काका." मी घसा साफ केला.

सांगितलं ते असं. माझी माय खळ्यात तिव्यावर, म्हणजे तीन पायांच्या उंच घोडीवर उभी राहायची. टोपलं डोक्यावर धरून ज्वारी वाऱ्यावर सोडायची. टोपलं तेच, हात तोच, वारा तोच. तरी सगळे दाणे एका जागी पडत नाहीत. भरलेला दाणा अलीकडे पडतो, पोचट पलीकडे उडतो. पण फार अलीकडे थोडे, फार पलीकडे थोडे, बहुतेक मधे. बाजूने पाहिलं की खळ्यात तुमचा तो वक्र उभा असतो, मधे फुगलेला, दोन्हीकडे उतरत गेलेला. मधोमध जिथे ढीग सगळ्यात उंच, ती सरासरी. वारा जोराचा असला की रास पसरट होते, वारा पडला की उंच आणि अरुंद. तो पसरटपणा मोजायचा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. ज्वारी बदलली नाही, वारा बदलला.

"आईशप्पथ," कोणीतरी म्हणालं.

मग एक बारीक आवाज आला. "काका, मी महामाया. एक विचारू? समजा सगळे दाने सारखेच भरलेले निघाले तं?"

"तं सगळे एकाच जागी पडतीन. वक्र होनारच नाही."

"मग ग्रेड कोनाले देतीन?"

सुचिता हसायला लागली, मग सगळ्याच हसल्या, आणि मीही. पुढे प्रमाण विचलनाचं एक गणित त्यांनी मला वाचून दाखवलं. मी वर्ग करायचा विसरलो, ती चूक महामायाने काढली. बरोबर होती. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. फोन गरम झाला होता.

संजीवनीने ताट वाढलं. गवारीची भाजी होती.

२५ मे, रविवार

मेळावा झाला. दोन-अडीचशे माणसं आली. फलकापुढे गर्दी हटत नव्हती. पासष्टीच्या घरातल्या एक बाई आल्या होत्या, पहिल्या तुकडीच्या. स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अक्षर तेच ठेवलं हो तुम्ही." हा माझा सत्कार. शालीचं काय, शाल सगळ्यांनाच देतात.

दुकानातली जुनी पोरं आली होती, आता बापे झालेली. एक जण म्हणाला, "काका, तुमच्या नियमामुळं मले रोज जेवाले उशीर व्हायचा." मी म्हटलं, तरी तुझं पोट बघ.

२० जून

निकाल लागला. सुचिता कालच घरी आली होती, तिने इथेच मोबाइलवर उघडला. मग फोन माझ्या हातात दिला.

नऊ, नऊ, आठ, आठ, सात. बेरीज ४१. सेमिस्टर ८.२. एकूण ७.९७.

सात पॉइंट संख्याशास्त्रात. आठ असते तर झालं असतं. मी तीनदा बेरीज केली. बेरीज बदलली नाही.

थोड्या वेळाने महामायाचा फोन आला, दोघी अंगणात बोलल्या. तिचे राहिलेले विषय सुटले, सगळं सुटलं. संख्याशास्त्रात ए, आठ पॉइंट.

सुचिता आत येऊन म्हणाली, "तिनं ज्वारी लिहिली बाबा पेपरात. आकृतीसकट." आणि हसली. मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बराच वेळ. मी बाहेर ओट्यावर बसून होतो. आत जावं की नाही ते समजत नव्हतं.

संस्थेला ईमेल तिने स्वतः केला. दोन तासांत उत्तर आलं. नियम आहे, खेद आहे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू शकता, अटी त्याच. मी तिला म्हणालो नाही की अर्ज-विनंत्या करू, तीन शतांशाचा प्रश्न आहे. ७.९७ म्हणजे आठ नव्हेत. मीच लोकांना हे सांगत आलो.

तिला पुण्यात एका कंपनीत काम मिळतं आहे. पुढे दुसऱ्या कुठल्या संस्थेचं बघेन म्हणते. तिची जागा होती ती गेली, एवढं मात्र खरं.

२२ जून, रविवार

कौशल्याबाई आणि महामाया आज पेढे घेऊन आल्या. बीबीहून दोन गाड्या बदलून. कौशल्याबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. महामायाला मी पहिल्यांदा पाहिलं. उंच आहे, चष्मा आहे, आणि आल्यापासून खाली मान घालून बसली होती. सुचिताने तिला कोपराने ढोसलं तरी हसली नाही.

"आमच्या घरात पहिली पोरगी पुन्याहून पास होऊन आली दादा," कौशल्याबाई म्हणाल्या. "म्या बाजारात सगळ्यायले फुकट कोथिंबीर वाटली. एक जन म्हने, बाई, पास पोरगी झाली का कोथिंबीर?"

संजीवनी खळखळून हसली. पेढ्यांचा डबा फिरला. महामायाने घेतला नाही. डबा तिच्यापुढून तसाच माझ्याकडे आला.

मी एक पेढा घेतला. तेवढ्यात कौशल्याबाईंनी विचारलं, "अन् आपल्या सुचिताचं हो? महामाया म्हनत होती आठ पायजे होते मोठ्या कॉलेजाले. झाले नं आठ?"

महामायाने मान वर केली. "आई, ते..." एवढंच बोलली, पुढे येईना. तिला सगळं माहीत होतं. कुठला पॉइंट कुठे गेला ते तिने माझ्याइतकंच नीट मोजलं होतं. आणखी एक शब्द बोलली असती तर त्या माऊलीने आणलेले पेढे तिथेच कडू झाले असते.

"झाले," मी म्हणालो.

सुचिताने माझ्याकडे पाहिलं.

"हाव, झाले आठ," मी परत म्हणालो. "पन हे म्हनते आधी एखादं वर्ष नोकरी करते. आजकालच्या पोरी, आपलं काय चालते? तुमी पेढा घ्या नं कौशल्याबाई, तुमी सोता घेतलाच नाही."

"बरं झालं माय," कौशल्याबाईंनी सुचिताच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "दोघीयचं झालं. एकीचं झालं असतं तं मले हा पेढा गोड लागला नसता."

मी डबा महामायापुढे धरला. तिने माझ्याकडे बघत बघत एक पेढा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला, लहान पोरासारखा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. सुचिता म्हणाली, "रडून राह्यली का खाऊन राह्यली, एक काहीतरी कर," तेव्हा कुठे ती हसली.

त्यांना गाडीत बसवून आलो. परत येताना सुचिता माझ्याबरोबर चालत होती. माझ्या शर्टाची बाही धरून चालत होती, चौथीत असताना धरायची तशी.

खरा आकडा ७.९७ आहे. तो इथे लिहून ठेवतो, कुठेतरी खरा असला पाहिजे म्हणून. गावात कोणी विचारलं तर आठ.